ओपीडीच्या भेटीला आकडा कोण लावणार?

आरे-वारेचा समुद्र पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या, गावातल्या घरांतून पर्यटकांची सोय होऊ लागली. पण घरात कोणाला ताप आला की गावकऱ्याची वाट अजून तीच. एकतर मालगुंडचे प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर सरळ रत्नागिरी. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात, पैसे मोजायचे आणि परतीची एस.टी. धरायची. दाखल न होता झालेली ही भेट म्हणजे बाह्यरुग्ण भेट, आपल्या भाषेत ओपीडी. माणूस वर्षातून दहा वेळा डॉक्टरकडे गेला तर त्यातल्या नऊ भेटी याच असतात. आणि गंमत अशी की, आरोग्याच्या बहुतेक योजनांच्या हिशेबात नेमकी हीच भेट नाही.

राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१३ अखेर ती सर्व जिल्ह्यांत आली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. या योजनेत प्रत्येक उपचाराला एक कोड आणि कोडला ठरलेला दर असतो. रुग्णालय कोड निवडते, मंजुरी मागते, पैसे परस्पर मिळतात. घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही त्यातच धरला आहे. पण हे सारे खाटेपासून सुरू होते. साध्या खोकल्याला, गुडघेदुखीला, दर महिन्याच्या रक्तदाबाच्या तपासणीला तेथे कोड नाही. खासगी मेडिक्लेमचेही तेच. बहुतेक पॉलिशींत काही ठरावीक उपचार सोडले तर २४ तास दाखल झाल्याशिवाय दावा नाही.

मग काय होते? रुग्णच म्हणतो, "डॉक्टर, विमा हाय ना, ॲडमिटच करून घ्या." डॉक्टरलाही ते गैरसोयीचे नसते. सलाईन लागते, एक रात्र जाते, आणि महिन्याभराने विमा कंपनीचे पत्र येते की दाखल करण्याची आवश्यकता नव्हती, सबब दावा नामंजूर. तीनशे रुपयांत आटोपले असते ते आठ-दहा हजारांवर जाऊन बसते.

अमेरिकेत याच्या अगदी उलट. तेथे ओपीडीच्या प्रत्येक भेटीला पाच आकडी कोड लागतो. जुन्या रुग्णासाठी ९९२११ ते ९९२१५ अशा पाच पायऱ्या. पायरी वरची तितके बिल जास्त. १ जानेवारी २०२१ पासून ही पायरी दोनपैकी एका गोष्टीवर ठरते: डॉक्टरला निर्णय किती गुंतागुंतीचा घ्यावा लागला, किंवा त्या दिवशी त्या रुग्णासाठी एकूण किती वेळ दिला. किमान वीस मिनिटे दिली तर ९९२१३, तीस दिली तर ९९२१४. त्याआधी इतिहास किती लिहिला, अवयव किती तपासले याची मोजदाद चाले आणि डॉक्टर रुग्णापेक्षा कागदाकडे जास्त बघत. एक पायरी चढवून बिल लावण्याचे प्रकार तेथे आहेतच. आणि हे कोड तपासायला बसतात कोण? त्यातली कितीतरी आपल्याच देशातली, पुण्या-नवी मुंबईतलीही मुले. परक्या माणसाच्या सर्दीला रात्री जागून आकडा लावायचा आणि गावाकडच्या आईच्या मधुमेहाच्या भेटीला साधी पावतीही नाही!

अमेरिकेची ही पद्धत येथे आणा असे मी म्हणणार नाही. कारकुनी वाढेल आणि तिचा खर्च शेवटी रुग्णाच्याच माथी बसेल. त्यापेक्षा १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह उपचार मोफत झाले, ते मला शहाणपणाचे वाटते. बिलच नाही म्हटल्यावर कोडचा प्रश्नच मिटला. मात्र औषध बाहेरून आणायला सांगितले की हा मोफतपणा दारातच संपतो, हेही सांगितले पाहिजे.

राहिला खासगी दवाखाना. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने आपली फी फलकावर लावायची असते. चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवर आपला नोंदणी क्रमांक घालायचा असतो. पावती मागायला आपल्याकडे लोक संकोचतात. डॉक्टर ओळखीचे, त्यांना काय वाटेल! अहो, बऱ्याच मेडिक्लेम पॉलिशींत दाखल होण्यापूर्वीच्या तीस दिवसांतला त्याच आजाराचा खर्च मिळतो. तपासणी, रक्त-लघवी, औषधे, सगळे त्यात आले. पण पावती नसेल तर काय दाखवणार?

चिठ्ठीवर आजाराचे नाव आहे की नाही तेही बघा. दाव्याच्या फॉर्मवर रुग्णालयाला आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड भरावा लागतो. नुसता ताप असेल तर आर ५०.९, लेप्टो असेल तर ए २७, सर्पदंशाला टी ६३.०. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोची धास्ती असते. तपासणीत लेप्टो निघूनही कागदावर 'ताप' एवढेच राहिले तर दाखल करण्याचे कारणच लंगडे पडते.

आणखी एक. "साखर किती दिवसांपासून?" असे डॉक्टरने विचारले की आपण सहज म्हणतो, "झाली असतील बरीच वर्षं." ते तसेच लिहिले जाते आणि पुढे पॉलिसीपूर्वीचा आजार म्हणून आडवे येते. खोटे सांगू नका, पण पहिल्या तपासणीचा रिपोर्ट बघून नेमके साल सांगा. १ एप्रिल २०२४ पासून नव्या नियमांनी अशा आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३६ महिने केली आहे आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. दाखल झालेल्या रुग्णाने आपली कागदपत्रे मागितली तर ७२ तासांत देण्याचे बंधनही त्याच २००२ च्या आचारसंहितेत आहे. मागणी लेखी करा आणि तिच्या प्रतीवर पोच घ्या.