मीटर स्मार्ट झालं, मग बिल कमी काहून होत नाही? खेळ सगळा 100 युनिटांचा

चंद्रपूर/गडचिरोली : महावितरणच्या चंद्रपूर परिमंडळात चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे येतात. सध्या चावडीवर, किराणा दुकानात, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय आहे, तो म्हणजे नवीन मीटर. कोणी म्हणतं, हे मीटर जोरात पळते. कोणी म्हणतं, यानं बिल कमी होणार. दोन्ही बाजूंनी बोलणारे बरेच आहेत, पण हातात बिल घेऊन हिशेब करणारे कमी. उन्हाळा तोंडावर आहे. कूलर खाली काढण्याआधी हा हिशेब एकदा घरात बसून करून घ्या.

आधी हे मीटर आलं कसं, ते थोडक्यात. केंद्र सरकारने 2021 मध्ये वीज वितरण सुधारण्यासाठी योजना आणली. त्यात आधी पैसे भरा, मग वीज वापरा, असं मोबाईल रिचार्जसारखं प्रीपेड मीटर बसवायचं ठरलं होतं. महाराष्ट्रात त्याला मोठा विरोध झाला. शेवटी जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जाहीर केलं. आता घरोघरी बसते ते 'टीओडी' मीटर. यात बिल पहिल्यासारखंच महिन्याच्या शेवटी येतं. फरक इतकाच, की कोणत्या वेळी किती वीज वापरली हे या मीटरमध्ये नोंदलं जातं आणि महावितरणच्या ॲपवर ते आपल्याला पाहता येतं.

दिवसाची सवलत किती?

टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. ती युनिटमागे 80 पैशांपासून सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत जायची आहे. एखाद्या घराने महिन्यात 85 युनिट दिवसा वापरले, तर 68 रुपये वाचले. पाण्याची मोटर, इस्त्री, मिक्सर ही कामं दिवसा उरकली तर सवलत मिळते. ती जरूर घ्या. पण एवढ्याने बिल अर्धं होईल, अशी आशा ठेवू नका.

खरा फरक कुठे पडतो?

घरगुती विजेचा दर टप्प्याने ठरतो. 2024-25 चे दर पाहा. पहिल्या 100 युनिटांना 4 रुपये 71 पैसे आणि 101 ते 300 युनिटांना 10 रुपये 29 पैसे. वर प्रत्येक युनिटवर 1 रुपया 17 पैसे वहन आकार. म्हणजे 100 च्या आतलं युनिट 5 रुपये 88 पैशांना पडलं आणि 101 वं युनिट 11 रुपये 46 पैशांना. त्यानंतर दर थोडे बदलले आहेत, तुमच्या बिलावर छापलेला दर धरा. पण 100 च्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो, ही गोष्ट कायम आहे.

इथे एक गैरसमज आहे. '100 च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटांना मोठा दर लागतो' असं बरेच जण सांगतात. तसं नाही. पहिले 100 युनिट कमी दरानेच मोजले जातात. मोठा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.

आता मे महिन्यातलं एक साधं घर धरा. आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरीत पारा 46-47 च्या पुढे जातो, तेव्हा कूलर ही चैन राहत नाही.

- 200 वॅटचा कूलर रोज 12 तास : महिन्याला 72 युनिट
- 75 वॅटचे दोन जुने पंखे रोज 15 तास : सुमारे 68 युनिट
- दिवे, टीव्ही, मोटर, मिक्सर, मोबाईल : धरा 30 युनिट

एकूण 170 युनिट. पहिल्या 100 चे 588 रुपये आणि वरच्या 70 चे 802 रुपये. 70 युनिट 100 युनिटांपेक्षा महाग पडले! स्थिर आकार आणि 16 टक्के वीज शुल्क आणखी वेगळं.

याच घराने दोन्ही पंखे बदलून बीएलडीसी पंखे लावले तर? हा पंखा साधारण 35 वॅटवर चालतो, हवा तेवढीच देतो. दोन पंख्यांमागे महिन्याला 36 युनिट वाचतात. हे युनिट वरच्या टप्प्यातले असल्यामुळे बचत होते 412 रुपयांची. हेच 36 युनिट 100 च्या आतल्या घराने वाचवले, तर बचत 212 रुपये. पंखा तोच, पण फायदा दुप्पट कोणाचा? ज्याचा वापर 100 च्या वर जातो, त्याचा.

बीएलडीसी पंखा साध्या पंख्यापेक्षा हजार-दीड हजाराने महाग असतो. उन्हाळ्यात ज्या घराचं बिल फुगतं, तिथे ही रक्कम दोन-तीन उन्हाळ्यांत निघून येते. ज्यांचा वापर बारा महिने 60-70 युनिटांवर आहे, त्यांनी चालू पंखा फेकून नवीन आणायची घाई करू नये. जळला की मग बीएलडीसी घ्यावा. अजून कोणाच्या गोठ्यात, संडासात 60 वॅटचा पिवळा बल्ब असेल, तर तो मात्र आजच काढा. 9 वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो.

मोबाईलवरून चालू-बंद होणारे बल्ब आणि प्लग आता ऑनलाईन सगळीकडे मिळतात. त्यांना चोवीस तास वायफाय लागतं आणि बंद असतानाही ते थोडी वीज खातात. भामरागड, एटापल्लीकडच्या गावांत जिथे फोन लावायला टेकाड शोधावं लागतं, तिथे त्यांचा उपयोग काय? हाताने बटन बंद करायला पैसे लागत नाहीत.

छतावरची वीज : 100 ची रेषा इथेही

पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला केंद्राचं 30 हजार रुपये अनुदान आहे. राज्याने 2025 मध्ये 'स्मार्ट' नावाची जोड योजना आणली. 1 किलोवॅटचा खर्च साधारण 50 हजार धरला, तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्याचे आणखी 17,500 मिळतात आणि घरचे फक्त 2,500 लागतात. 100 युनिटांच्या आतल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 5 हजार, इतरांना 10 हजार भरावे लागतात. पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नसलेल्यांसाठी अट अशी, की ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 या काळात एकाही महिन्यात 100 युनिटांच्या वर वापर गेलेला नसावा. म्हणजे एका मे महिन्याच्या कूलरने योजना हातची जाऊ शकते. जुनी बिलं काढून आधी हे तपासा.

1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट तयार होतात. मात्र दोन गोष्टी विक्रेता स्वतःहून सांगत नाही. एक, बॅटरी नसलेलं हे सौर यंत्र लाईन गेली की तेही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. पावसाळ्यात झाड पडून दोन-दोन दिवस लाईन जाते, तेव्हा त्याच्या भरवशावर राहता येत नाही. दोन, कवेलूच्या छतावर आणि मोहाच्या सावलीत ते नीट चालत नाही.

बिल चुकलं वाटलं तर

केंद्राच्या 2024 च्या सुधारित नियमांप्रमाणे, रीडिंग चुकीचं असल्याची तक्रार आल्यावर वीज कंपनीने 5 दिवसांत दुसरं तपासणी मीटर बसवायचं असतं आणि किमान 3 महिने दोन्हींचा ताळा पाहायचा असतो. त्यामुळे 'मीटर पळते' म्हणून भांडत बसण्यापेक्षा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवर तक्रारीसाठी 1912 आहे. घर बंद होतं म्हणून दोन-तीन महिन्यांचं रीडिंग एकदम आलं असेल, तर 100 युनिटांचा टप्पा तितक्या महिन्यांनी धरलाय का, ते नक्की पाहा.

आणि हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा : 'आज रात्री तुमची लाईन कापणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज साध्या मोबाईल नंबरवरून आला, तर तो चोरांचा आहे. त्यातली कोणतीही फाईल उघडू नका, ओटीपी देऊ नका.

प्रश्न सरकारलाही आहे

2,920 मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र चंद्रपुरात आहे. कोळसा इथला, राख इथली, धूर इथला. म्हणूनच चंद्रपूरचे आमदार किशोर जोरगेवार यांनी 200 युनिट मोफत देण्याची मागणी लावून धरली होती आणि लोकांनाही ती पटली. ती मागणी आजही तिथेच आहे. निदान इतकं तरी व्हावं, की सगळ्यात जास्त तापणाऱ्या जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तीन महिन्यांसाठी 100 ची रेषा वर सरकावी. उन्हाळ्यात कूलर लावला म्हणून गरीब घराला दुप्पट दर लागावा, हे कोणत्या हिशेबात बसतं?

ते होईल तेव्हा होईल. तोवर रोज सकाळी मीटरचा आकडा भिंतीवर लिहा. महिन्याच्या 15 तारखेला 50 च्या वर गेलात, तर उरलेल्या दिवसांत काय बंद ठेवायचं ते घरात बसून ठरवा. याला स्मार्ट मीटरही लागत नाही, जुन्या मीटरवरही हे जमतं.