बियाण्याची शाळा शेतातच भरते



सुरगाण्याच्या डोंगरउतारावर नागली लावणाऱ्या बाईला विचारा, बी कुठलं? ती म्हणेल, घरचंच. उथळ वरकस जमिनीला हळवी, कारण पाऊस उघडला की तिथली ओल लगेच उडते. खालच्या खोल जमिनीला गरवी. हा हिशेब तिला कोणत्या विद्यापीठाने शिकवला नाही. मी शेतकीची पदवी घेतली तेव्हा आम्हाला शिकवले ते असे, की स्थानिक वाण म्हणजे मागासलेले, बदलून टाकायचे बी. हा धडा अर्धवट होता. त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने मोजली.

पीक हवामानाशी जुळते कसे? एकटे ताट काही शिकत नाही. पण गावरान वाणाच्या शेतात हजारो ताटे असतात. दिसायला सारखी, गुणाने थोडी थोडी वेगळी. दुष्काळात बरीच वाळतात, काही तगतात. तगलेल्यांचेच बी पुढच्या साली मातीत जाते. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले की ताण सोसण्याचा गुण वाणात मुरतो. निसर्ग चाळतो, शेतकरी निवडतो. या कामाचा पगार आपल्या आजा-पणजांनी कधी मागितला नाही.

ज्वारीचेच बघा. जुनी खरीप ज्वारी दिवस लहान झाल्याशिवाय निसवत नसे. पेरणी मागेपुढे झाली तरी कणीस बाहेर पडे ते पाऊस सरता सरता, आणि दाणा कोरड्या हवेत भरे. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. उत्पादन वाढले, हे नाकारू नये. पण तो लवकर पिके आणि पावसात सापडला की दाणा काळा पडे. काळ्या ज्वारीला काय भाव मिळतो ते तुम्हाला सांगायला नको.

रब्बीत उलटे घडले. १९३०च्या दशकात मोहोळला गावरान मालदांडीतून एम ३५-१ निवडली गेली. सोलापूरच्या काळ्या रानातून, सरत्या ओलीवर दाणा आणि कडबा दोन्ही देणाऱ्या या वाणाला संकरित वाण हटवू शकले नाहीत. शास्त्रज्ञ शेतकऱ्याच्या बियाण्यापासून सुरुवात करतो तेव्हा काय होते, त्याचा हा पुरावा आहे.

आता कापूस. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली. सुरुवातीला हिरव्या बोंडअळीपासून आराम मिळाला. पण आपल्याकडे बीटी आले ते संकरित वाणांतून. संकरिताची सरकी घरी ठेवून पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणून दरसाल पाकीट विकत घ्यायचे. घरची निवड बंद. तिकडे गुलाबी बोंडअळी मात्र दरसाल निवडली जात होती. विष पचवणाऱ्या अळ्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली, आणि २०१७ साली विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. अळीची शाळा चालू राहिली, आपल्या सरकीची बंद पडली!

साहेब म्हणतात, काळजी नको, जुने वाण शीतगृहात जपले आहेत. जपलेच पाहिजेत. पण शीतगृहातल्या बियाण्याने मधला एकही दुष्काळ पाहिलेला नसतो. पावसाची तऱ्हा बदलली ती शेतात, तेव्हा निवडही शेतातच व्हायला हवी.

संकरित बंद करा, असे मी म्हणत नाही. ज्याला परवडेल त्याने पेरावे. पण निवड करायला दुसरे काही शिल्लक तरी हवे ना? एकाच नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठला धो धो पाऊस आणि नांदगाव-येवल्याला दुष्काळ. सगळ्यांना एकच पाकीट कसे चालेल?

२००१च्या वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, आणि कंपनीचे नाव न लावता विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. हक्क वापरला नाही तर तो गंजतो. म्हणून बैठकीत दोन ठराव करू. विद्यापीठांनी कोरडवाहू कापूस-ज्वारीचे सरळ वाण आमच्या रानात, आमच्यासोबत निवडावेत. आणि प्रत्येकाने यंदा चार सऱ्या तरी घरच्या बियाण्यासाठी राखाव्यात. खळ्यावर नेण्याआधी, उभ्या पिकातून कणसे निवडावीत.

बी हातचे गेले, तर हंगामही हातचा जाईल!