विद्यापीठाची वाट आणि गावाचे कर्तव्य

वलनी-सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणींच्या सान्निध्यात ज्या खापरखेड्यात १,३४० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे, तेथे विद्यावंतांची वाण नाही; अभियंते, रसायनज्ञ, लेखापाल आणि शिक्षक यांचा वावर या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु वसाहतीच्या फाटकाबाहेर, कंत्राटी मजुरांच्या आणि वीटभट्टीवरील कामगारांच्या घरांत, बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला पुढे कोठे जावे आणि कोणत्या मार्गाने जावे हे अनुभवाने सांगू शकेल असे माणूस क्वचितच असते. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ इतके निकट असूनही अशा घरातील मूल भट्टीवर किंवा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर रुजू होते, ही या गावाने आपली जबाबदारी म्हणून स्वीकारावी अशी गोष्ट आहे.

प्रवेशाचा अर्ज म्हटला की जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला अशी कागदपत्रांची मालिकाच उभी राहते. ती वेळेवर हाती यावी म्हणून सावनेरच्या तहसील कचेरीत हेलपाटे घालायचे, तर बापाची रोजी बुडते. आणि एक दाखला मुदतीनंतर आला तर गुण असूनही हक्काची जागा निसटते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सामाईक परीक्षा सुरू झाली आहे. परंतु तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो, ही साधी माहितीही ज्या घरात पहिलेच मूल कॉलेजची पायरी चढू पाहते तेथे आपोआप पोहोचत नाही. सुशिक्षित घरातील मुलाला हे सारे जेवताना सहज कानी पडते. इतरांना ते कोणीतरी जाणीवपूर्वक सांगावे लागते.

हे सांगण्याची आणि सांभाळण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि साताऱ्यातील त्यांच्या वसतिगृहात नाना जातींची मुले एकत्र राहून श्रम करीत शिकली. आपल्या विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला. आजच्या काळात राजू केंद्रे यांनी यवतमाळात आरंभिलेली ‘एकलव्य’ संस्था पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना नामांकित विद्यापीठांची वाट दाखवीत आहे. विद्यार्थ्याला शिकविण्याबरोबरच त्याच्या पाठीशी माणसे उभी केली पाहिजेत, हे या सर्वांनी ओळखले.

शासनाच्या योजना असताना गावाने हा भार का वाहावा, असे कोणी विचारील. योजना आहेत, हे खरेच. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींना शुल्कमाफीही मिळाली आहे. परंतु अर्ज वेळेत दाखल झाला की नाही आणि त्रुटीची पूर्तता झाली की नाही, हे पाहण्यास शासन प्रत्येक घरी येऊ शकत नाही. शेजारी येऊ शकतो.

म्हणून खापरखेड्यात रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका असावी. दहावीपासून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ठेवणारे दप्तर तिच्यात असावे. आणि निवृत्त अभियंते, शिक्षक व कचेरीतील अनुभवी कारकून यांपैकी एकेकाने चार-दोन मुलांचे पालकत्व पत्करावे. विज्ञान शाखेच्या मुलांचे जात वैधतेचे अर्ज अकरावीतच मार्गी लावावेत. पदवीच्या पहिल्या वर्षी नव्या शहरात, नव्या भाषेत गांगरलेले मूल शिक्षण सोडून परतण्याचा संभव सर्वांत अधिक असल्याने प्रवेश मिळाल्यावरही हे पालकत्व संपू नये. उत्साह ओसरला की असे उपक्रम बंद पडतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय एवढाच की जागा, वीज आणि एका पगारी व्यवस्थापकाचा खर्च वीज केंद्राने व खाण कंपनीने आपल्या सामाजिक दायित्व निधीतून कायमस्वरूपी उचलावा. ज्या परिसराने कोळशासाठी जमीन दिली आणि राखेची धूळ सोसली, त्याच्या मुलांचा या निधीवर हक्क आहे; ती मागणी दान म्हणून नव्हे, हक्क म्हणूनच केली पाहिजे.

बारावीच्या पुढील निकालाआधी एक खोली, एक दप्तर आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या पंधरा-वीस माणसांची यादी एवढी तयारी गावाला सहज करता येईल. तिचा आरंभ याच महिन्यात व्हावा.