मानगूट कुणाची धरायची?

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा एक गृहस्थ सॉफ्टवेअरवर बोलून गेले. नाव सांगत नाही. एक तर त्यांचं म्हणणं त्यांच्या एकट्याचं नाही, पंधरा-वीस वर्षं तेच निरनिराळ्या तोंडांतून ऐकतो आहे. आणि दुसरं म्हणजे त्यांना शाल-नारळ देणाऱ्यांत मीच होतो.

त्यांचं म्हणणं असं : सरकारी कचेऱ्या, बँका, शाळा, वाचनालयं यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये, कारण त्याला वाली नसतो. उद्या बिघडलं तर मानगूट धरायला माणूस लागतो, आणि तो पैसे घेणाऱ्या कंपनीकडेच सापडतो. शिवाय फुकट ते निकृष्ट. ज्याचं पोट उघडं त्यात चोर शिरणार. फुकट वाटपाने देशी उद्योग बुडणार. आणि मुळात ही सगळी डाव्यांची थेरं. पाच मुद्दे, पाऊण तास, भरपूर टाळ्या. मानगुटीच्या वाक्याला तर सर्वांत मोठी टाळी पडली. तिथेच माझं डोकं फिरलं.

मानगूट! या सद्‌गृहस्थांनी आयुष्यात एकदा तरी 'मी मान्य करतो' या बटणाच्या वरचा मजकूर वाचला आहे का? नसेलच वाचला. कुणीच वाचत नाही, आणि तो तसाच लिहिलेला असतो. पण चष्मा लावून एकदा वाचाच. बहुतेक करारांचा सारांश असा निघतो : माल आहे तसा स्वीकारा, तो तुमच्या कामाचा आहे अशी हमी नाही, त्याच्यामुळे तुमचा धंदा बसला, नोंदी गेल्या, नफा बुडाला तर आमचा संबंध नाही, आणि कोर्टाने भरपाई द्यायला लावलीच तर ती तुम्ही मोजलेल्या किमतीपुरती. म्हणजे मानगूट धरायला हात पुढे करावा, तर मान आधीच काढून तिजोरीत ठेवलेली. खरं सांगायचं तर मुक्त परवान्यांतही हेच कलम असतं, आणि तेही ठळक मोठ्या अक्षरांत. पण तिथे पैसे घेऊन हात वर केलेले नसतात.

19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल जगभर गेली आणि सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले; लोकांनी हौसेने त्यांचे फोटो काढले. कंपनी नामांकित, पैसे घेणारी, पत्ता असलेली. डेल्टा ही विमान कंपनी तिची मानगूट धरायला कोर्टात गेली, तर क्राउडस्ट्राइकच्या वकिलांनी करारातली भरपाईची मर्यादा पुढे केली. हे डेल्टाचं. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचं काय होणार, ते व्याख्यात्यांनी सांगितलं नाही.

पण हे नुसतं पैशांचं झालं. यापेक्षा वाईट गोष्ट ब्रिटनमध्ये घडली, आणि 'कंपनी जबाबदार असते' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती एकदा ऐकवली पाहिजे. तिथल्या पोस्टाने 1999 पासून शाखांमध्ये 'होरायझन' नावाची हिशेबाची यंत्रणा बसवायला सुरुवात केली. ती फुजित्सु कंपनीची. तिथली बरीचशी पोस्टं किराणा-स्टेशनरीच्या दुकानांतच असतात आणि ती चालवणारे सबपोस्टमास्तर पोस्टाचे नोकर नसतात, कराराने बांधलेले असतात. हिशेब जुळवायला बसलं की पडद्यावर तूट दिसू लागली. कधी शेकडो पौंडांची, कधी हजारोंची. करार सांगे, तूट तुम्ही भरा. लोकांनी भरली, कुणी साठवणीतून, कुणी घर गहाण टाकून. मदतीसाठी फोन केला तर उत्तर मिळे, अशी तक्रार तुमची एकट्याचीच आहे. 2015 पर्यंत नऊशेहून अधिक माणसं चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरली. कित्येक तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. ॲलन बेट्स हे एक सबपोस्टमास्तर आणि त्यांच्यासोबतचे 554 जण एकत्र कोर्टात गेले, तेव्हा कुठे डिसेंबर 2019 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की खोट यंत्रणेत होती. फुजित्सुची माणसं दूर बसून शाखेच्या हिशेबात हात घालू शकत होती, हेही तेव्हाच पक्कं झालं. तोवर वर्षानुवर्षं नाकारलं जात होतं. 2024 मध्ये खास कायदा करून शिक्षा घाऊक रद्द कराव्या लागल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फरक इतकाच की इथे चोर संगणकाच्या आत बसला होता आणि आत डोकवायला कुणालाही परवानगी नव्हती.

इथे मानगुटींचा तुटवडा नव्हता. कंपनीची होती, पोस्टाची होती, सरकारची होती. धरली गेली ती सबपोस्टमास्तरची, कारण तेवढीच हाताच्या अंतरावर होती. शिवाय इंग्लंडच्या कायद्यात पूर्वी एक बरं कलम होतं : संगणकाचा कागद पुरावा म्हणून द्यायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. 1999 च्या कायद्याने ते काढून टाकलं. तेव्हापासून यंत्र खरंच बोलतं असं गृहीत धरायचं, आणि ते खोटं बोलतं हे सिद्ध करायचं काम आरोपीवर. ज्याला यंत्राचं झाकण उघडता येत नाही त्याने ते कशाने सिद्ध करावं? आपल्याकडे निदान दाखला लागतो, पूर्वी पुरावा कायद्याच्या 65-ब कलमाखाली, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाखाली. पण सही करणारा बिचारा बँकेचा शाखाधिकारी! त्याने आपल्या प्रणालीचा कोड पाहिला आहे का? पाहायचा म्हटलं तरी त्याला कोण दाखवणार आहे?

तर मुद्दा हा, की जबाबदारी ही सहीत नसते, झाकण उघडता येण्यात असते. विहिरीचा पंप बिघडला तर आपण कंपनीची मानगूट धरत नाही, गावातल्या मिस्त्रीला बोलावतो. तो पंप उघडतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मिस्त्रीला बोलावणं हा करारभंग, हे आपण निमूट मान्य केलं आहे.

आणि कायद्याने तसं म्हटलेलंही नाही. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचं 52 वं कलम वाचा. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने प्रोग्राम कसा चालतो ते पाहिलं, तपासलं, अभ्यासलं तर तो हक्कभंग नाही, असं त्यात स्पष्ट आहे. कायदा एका हाताने देतो, करार दुसऱ्या हाताने काढून घेतो, आणि आपण खाली टिचकी मारतो. 2004 साली आंध्र प्रदेशच्या विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तयार सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे, तिच्यावर कर लागेल. ठीक. पण गिऱ्हाईक म्हणून विचाराल, माझी वस्तू मी उघडू का, तर विक्रेता म्हणतो, छे, वस्तू कसली, तुम्हाला फक्त परवाना दिला आहे. कर भरताना वस्तू, उघडताना परवाना.

इथे एक जुनं भांडण उकरून काढतो, कारण व्याख्यानात 'फुकट' हा शब्द निदान वीसदा आला. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे मोकळंही आणि मोफतही. त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून त्यांचं अर्धं आयुष्य 'मी स्वातंत्र्याबद्दल बोलतोय, किमतीबद्दल नाही' हे सांगण्यात गेलं. आपल्याला ही अडचण कधी नव्हतीच! मुक्त वेगळं आणि मोफत वेगळं, हे मराठी पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. तरी वीस वर्षांपूर्वी एका परिसंवादात मी हेच सांगितलं, तेव्हा एका ज्येष्ठांनी 'शब्दच्छल' म्हणून उडवून लावलं. शब्दच्छल नाही हो. ग्नू प्रकल्पाचं जनरल पब्लिक लायसन्स सॉफ्टवेअर विकायला बंदी करत नाही. ते एवढंच म्हणतं की तुला जे मिळालं, ते पुढे देताना झाकणाला कुलूप लावू नकोस. आणि मुक्त परवाना म्हणजे नुसता सदिच्छेचा कागद अशीही काहींची समजूत असते. अमेरिकेत खेळण्यातल्या आगगाड्या चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने परवान्याच्या अटी मोडणाऱ्याला कोर्टात खेचलं. 2008 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं की त्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. एक पैसा न घेता दिलेल्या वस्तूच्या अटीसुद्धा अटीच असतात. खेळण्यातल्या आगगाडीने एवढा मोठा रूळ टाकून दिला.

बाकीच्या चार मुद्द्यांना मी फार वेळ देणार नाही. फुकट ते निकृष्ट? नोव्हेंबर 2017 पासून जगातले पहिले 500 महासंगणक, सगळेच्या सगळे, लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात, आणि व्याख्याते ज्या अँड्रॉइड फोनवरून मुद्दे वाचत होते त्याचा गाभाही तोच. देशी उद्योग बुडणार? परवान्यांचे पैसे कोणत्या देशात जातात ते आधी सांगा. डाव्यांची थेरं? 2019 मध्ये आयबीएमने रेड हॅट ही मुक्त सॉफ्टवेअरवर जगणारी कंपनी 34 अब्ज डॉलरना घेतली. असे डावे मला रोज भेटोत.

चोर शिरण्याचा मुद्दा मात्र एका ओळीत उडवण्यासारखा नाही, हे मनाविरुद्ध कबूल करतो. मार्च 2024 मध्ये 'एक्सझेड' या छोट्याशा मुक्त प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो उघडकीला आला कसा, तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि त्याला चैन पडेना. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळाशी जाता आलं, हे माझं उत्तर. पण चोर आत आला कसा, तर तो प्रोग्राम सांभाळणारा माणूस एकटा होता, थकला होता, आणि जो मदतीचा हात पुढे आला तोच चोराचा होता. जगभरचे सर्व्हर ज्याच्यावर टेकले होते त्याला कुणी पगार देत नव्हतं. ही आमच्या बाजूची लाज आहे. व्याख्यात्यांनी हे मांडलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्यांना ते माहीत नव्हतं.

मग तुम्हाला हवंय तरी काय, असं विचाराल. फार नाही. जनतेच्या पैशाने घेतलेल्या सॉफ्टवेअरचं झाकण उघडता यावं, नोंदी ओळखीच्या रूपात बाहेर काढता याव्यात, आणि पहिला मिस्त्री पळाला तर दुसरा बोलावता यावा. केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण काढलं आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत, आणि तिथे आभाळ कोसळलेलं नाही. जो पैसा परवान्यावर जातो त्यातला काही सांभाळणाऱ्यांना द्या. एवढंच. यापलीकडे माझ्याकडे भव्य योजना नाही.

आमच्याच घरचं सांगतो. वाचनालयाची स्मरणिका आम्ही 1998 साली जिल्ह्याच्या गावी डीटीपी करून घेतली. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून जागा होती, पण छापखान्यांत तेव्हा ज्याचा त्याचा फॉन्ट, ज्याची त्याची अक्षरांची मांडणी, आणि प्रिंटरच्या खाचेत खोचलेलं, परवान्याची किल्ली म्हणून दिलेलं डोंगल. ते डोंगल मेलं, विक्रेता निवृत्त झाला. आज ती फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. आमच्याच पैशाने, आमच्याच सभासदांनी लिहिलेलं मराठी आम्हालाच वाचता येत नाही. पुस्तकांच्या यादीचं सॉफ्टवेअर पुढे दुसऱ्या एकाकडून घेतलं, रीतसर पावती घेऊन. मानगूट धरायला दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एसटीने गेलो होतो. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारा तरुण बसला होता. त्याने मला चहा पाजला.

न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय न्यासावर 1999 मध्ये हीच वेळ आली होती. जुनी प्रणाली 2000 साल ओलांडणार नव्हती, नवी परवडत नव्हती. त्यांनी एक लिहून घेतली, जनरल पब्लिक लायसन्सखाली जगाला दिली आणि नाव ठेवलं 'कोहा', माओरी भाषेत भेट. पुढे एका अमेरिकी कंपनीने त्या नावावर हक्क सांगून पाहिला. नाव गेलं असतं तरी कोड कुठे जाणार नव्हता. आज भारतातल्या कितीतरी विद्यापीठांची ग्रंथालयं कोहावर चालतात.

आम्हीही तेच घ्यायचं ठरवतो आहोत. बसवून द्यायला शेजारच्या गावातला एक मुलगा तयार आहे. तो पैसे घेणार आहे, आणि बरेच घेणार आहे. जुनी यादी बाहेर काढली तर तीही भेळच निघाली. तीन सभासद रोज दुपारी बसून ती नव्याने टाइप करताहेत, सध्या 'क'वर आहेत. अडलं आहे ते खजिनदारांपाशी. ताळेबंदात गेली बारा वर्षं 'सॉफ्टवेअर परवाना' असं एक खातं आहे, आणि या मुलाचे पैसे त्यात टाकायला ते तयार नाहीत. 'दुरुस्ती'त टाकू का, म्हणून विचारतात, पण त्या खात्यात यंदा छपराचे पत्रे आहेत.