इराणशहाचे वारस कोण?

१९४१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानातील पारशांची संख्या १,१४,८९० भरली होती. २०११ च्या जनगणनेत ती ५७,२६४ उरली. त्यातही २००१ ते २०११ या एकाच दशकात १२,३३७ माणसे उणी झाली. देशाची लोकसंख्या कित्येक पटींनी फुगत असताना एक समाज निम्म्यावर आला आणि त्यानंतर तो कुठवर घसरला हे अधिकृतपणे सांगण्यास कोणीही समर्थ नाही. कारण २०२१ ची जनगणना लांबणीवर पडत पडत थेट २०२७ वर जाऊन ठेपली. रोगी अत्यवस्थ आहे हे ठाऊक असूनही वैद्याने सोळा वर्षे नाडीला हात लावू नये, असा हा प्रकार. जननदर दर स्त्रीमागे एका अपत्याच्याही खाली असलेल्या समाजाला सोळा वर्षे म्हणजे जवळजवळ एक पिढी. २०११ च्या त्या ५७ हजारांतील ४४,८५४ जण महाराष्ट्रात होते. म्हणजे जगातल्या प्राचीनतम जिवंत धर्मांपैकी एकाचा शेवट व्हायचाच असेल, तर तो प्रामुख्याने मराठी मुलुखात, आपल्या डोळ्यांदेखत होणार आहे.

डिचोली-पेडण्यात अग्यारी (अग्निमंदिर) नाही, दख्मा (मृतांचा मनोरा) नाही. मग गोव्याने या चिंतेत पडण्याचे प्रयोजन काय, असे विचारणाऱ्यांनी नार्व्याच्या सप्तकोटीश्वराकडे जाऊन उभे राहावे. दिवाडी बेटावरचे त्याचे मूळ देवालय पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार आणून डिचोली महालात, आदिलशाही अमलाखालील भूमीत स्थापले. पुढे १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. बार्देशातल्याही काही दैवतांनी असाच सीमोल्लंघनाचा मार्ग धरून पेडणे-डिचोलीचा आसरा घेतला. हे दोन्ही महाल पोर्तुगीजांच्या हाती पडले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडणे तर १७८८ मध्ये. धर्मसमीक्षण संस्थेचा (इन्क्विझिशनचा) अतिरेक तोवर ओसरला होता, म्हणूनच येथील पालख्या आणि जत्रा टिकल्या. देव पाठीशी बांधून पळावे लागते म्हणजे काय, हे ज्या भूमीच्या स्मृतीत कोरलेले आहे, तिला इराणशहाची कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

कारण ती कथा हीच आहे. सातव्या शतकात ससानी साम्राज्य अरब आक्रमणाखाली कोसळले. पुढे खुरासान, होर्मुझ, दीव अशी वाट तुडवीत जरथुष्ट्राचे काही अनुयायी संजाणला पोचले, जादी राण्याने त्यांना आश्रय दिला आणि त्यांनी तेथे पवित्र अग्नीची, म्हणजेच इराणशहाची, प्रतिष्ठापना केली, असे नवसारीच्या एका धर्मगुरूने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेला ‘किस्सा-ए-संजाण’ सांगतो. (दुधात साखर विरघळण्याची लाडकी आख्यायिका त्यात नाही, ती मागाहूनची भर. परंतु भाषणांतून तीच अधिक खपते, कारण कौतुकाला खर्च येत नाही.) संजाण पडल्यावर धर्मगुरूंनी तो अग्नी उचलला आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बहारोटच्या डोंगरात, लेण्यांच्या आडोशाला, परंपरेनुसार बारा वर्षे राखला. नंतर वांसदा, नवसारी आणि अखेर १७४२ मध्ये उदवाडा. इतक्या स्थलांतरांत तो एकदाही विझू दिला गेला नाही, अशी पारशांची श्रद्धा आहे. मराठी मातीशी या लोकांचे नाते तर लेखी आहे: कान्हेरीच्या लेण्यांत इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये पहलवी लिपीत आपली नावे कोरून गेलेले जरथुष्ट्री प्रवासी आजही तेथे वाचता येतात.

गोव्याचा धागा याहून बोचरा आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ताने वसई-खंबायतच्या पारशी व्यापाऱ्यांची दखल घेतली. पोर्तुगीज त्यांना ज्यू समजत. ते ज्यू नव्हेत, इराणातून आलेले, स्वतःची लिपी असलेले वेगळे लोक आहेत, असे त्याने नोंदविले. दुसऱ्याचा धर्म इतक्या सावधपणे ओळखणारा हा वैद्य जन्माने ज्यू होता आणि आयुष्यभर ते लपवून जगला. १५८० मध्ये धर्मसमीक्षण संस्थेने त्याची हाडे उकरून जाळली. पणजीतील उद्यानाला त्याचे नाव आहे. तेथे सायंकाळी फिरणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, हा प्रश्न आम्ही शिक्षण खात्यावर सोडतो.

नष्ट होऊ घातले आहे ते नेमके काय? जरथुष्ट्राच्या सतरा गाथा ज्या अवेस्ता भाषेत आहेत ती ऋग्वेदाच्या भाषेची सख्खी बहीण. यस्न आणि यज्ञ, हओम आणि सोम ही भावंडे आजही एकमेकांना ओळखतात. अहुर मज्द हा एकमेव ज्ञानरूप परमेश्वर, त्याच्या सृष्टीला ग्रासू पाहणारा अंग्र मैन्यु आणि या दोहोंच्या संघर्षात बाजू निवडण्याचे प्रत्येक मनुष्यावर टाकलेले उत्तरदायित्व, हा या धर्माचा गाभा. सद्विचार, सद्वाणी, सत्कृती ही त्रयी त्याने उपदेशिली. अंतिम न्याय, स्वर्ग-नरक, मृतांचे पुनरुत्थान, जगाचा उद्धारकर्ता या कल्पना पश्चिमेकडील धर्मांत रुजण्यापूर्वी इराणात नांदत होत्या, असे अनेक अभ्यासक मानतात. नवजोतीच्या, म्हणजे धर्मदीक्षेच्या, दिवशी बालकाला सुद्रा चढवून कमरेला कस्ती बांधतात. लोकरीच्या बहात्तर धाग्यांची ही मेखला यस्नाच्या बहात्तर अध्यायांचे स्मरण म्हणून जन्मभर, दिवसातून अनेकदा सोडून पुन्हा बांधायची असते.

आणि अग्नी. वैशाखात गोव्यातील शिरगावच्या लईराई देवीचे धोंड (भक्त) व्रतस्थ राहून, तळीत स्नान करून, पहाटे होमखणातील निखाऱ्यांवरून चालतात. तेथे अग्नी भक्ताचे शरीर पारखतो. अग्यारीत मर्यादा उलट बाजूने पाळली जाते. शुभ्र जाम्यातील मोबेद (पुरोहित) तोंडावर पदान बांधूनच गाभाऱ्यात जातो, कारण मानवी श्वासानेही अग्नी विटाळू नये. अहोरात्राच्या पाच प्रहरांत पाच वेळा बोय द्यायची: सुखड आणि लोबान अर्पण करायचे, आणि दुर्विचार, दुर्वाणी व दुष्कृती यांना हाकलताना तीन तीन वेळा घंटा वाजवायची. सर्वोच्च श्रेणीच्या आतशबहरामसाठी सोळा ठिकाणचे अग्नी गोळा करून ते पुनःपुन्हा शुद्ध करावे लागतात. त्यांत कुंभाराच्या भट्टीचा असतो, सोनाराच्या मुशीचा असतो, विजेने पेटलेला असतो, चितेचाही असतो. भारतात असे आठच आतशबहराम आहेत: मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी आणि उदवाड्यात एकेक. प्रत्येकाला वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे पाच प्रहर दीक्षित मोबेद हवा. मोबेदपद पुरोहित घराण्यातल्या मुलालाच. १९१९ पासून दादरला त्यांच्या शिक्षणाची संस्था आहे. पण घराण्यातच मुले नाहीत, आणि जी आहेत त्यांना अग्यारीच्या तुटपुंज्या दक्षिणेपेक्षा अन्य व्यवसाय अधिक देतात. मोबेद संपले की अग्यारीच्या भिंती वारसा यादीत जातील. अग्नीला मात्र यादीत ठेवता येत नाही.

या ऱ्हासातील एक अध्याय तर संपूर्णपणे आपणच लिहिला आहे. पृथ्वी, जल, अग्नी ही पवित्र तत्त्वे. शव त्यांत टाकून त्यांना भ्रष्ट करायचे नाही, म्हणून दख्म्यावर गिधाडांच्या स्वाधीन करायचे, ही दोखमेनशिनी. भेकड दयेने ज्यांनी या प्रथेला अमानुष म्हटले, त्यांनी ती किती निःशेष, निर्मळ आणि समतेची होती याचा विचार केला नाही. श्रीमंत आणि दरिद्री पारशी एकाच वर्तुळात निजतात. नव्वदच्या दशकात गोठ्यागोठ्यांत वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक शिरले. औषध दिलेले जनावर मेले की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार घटवावा लागला. असिक्लोफेनॅक व केटोप्रोफेन यांवर बंदी यायला २०२३ उजाडले. एक एक विष ओळखायला या देशाला एक एक दशक लागते.

परिणाम पाहा. मुंबईच्या डोंगरवाडीतील दख्म्यांवर गिधाडांच्या जागी सौर परावर्तक बसवावे लागले, जे पावसाळ्यात निरुपयोगी ठरतात. महासाथीच्या काळात पारशांना आपल्या मृतांच्या दोखमेनशिनीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२२ मध्ये जी तडजोड झाली तिच्यात पक्ष्यांना शवापासून दूर ठेवण्यासाठी दख्म्यावर जाळी बसविण्याची अट होती. पक्षी आधीच संपविले होते, जाळी मागाहून आली! २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत पारशांसाठी प्रार्थनागृह उभे राहिले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटांना त्याच वरळीत अग्नी दिला गेलेला साऱ्या देशाने पाहिला. त्या निवडीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु पर्यायच उरत नाही तेव्हा निवड हा शब्द पोकळ होतो.

गिधाडाची किंमत केवळ पारशांनी मोजली असेही नाही. गिधाडांच्या अभावी कुजणारी कलेवरे, वाढलेली कुत्री, पसरलेले रोग यांमुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक मृत्यू झाले, असा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा निष्कर्ष आहे. कोकणात रायगडच्या म्हसळा तालुक्यातील चिरगावसारख्या एखाद्या गावाने गिधाडांची वस्ती जपून दाखविली. गोव्यात मात्र रस्त्यावर मरून पडलेल्या भटक्या गुरावर गिधाडे उतरलेली पाहणे दुर्मीळ झाले आहे. पेडण्यातला गवळी आणि डिचोलीतला औषधविक्रेता यांना मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय ठाऊक आहे की नाही, याची तपासणी पशुसंवर्धन खात्याने करावयास काय हरकत आहे? मोपच्या विमानतळावर विमाने उतरविण्याची व्यवस्था ज्या तत्परतेने झाली, तिचा शतांशही यासाठी पुरेल.

आता दोष घरातल्यांचा. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. दावर आणि न्या. बीमन यांनी पारशी कोण याची व्याख्या केली: मातापिता दोन्ही जरथुष्ट्री असलेली संतती, आणि पारशी पित्याला परधर्मीय स्त्रीपासून झालेली, रीतसर दीक्षा घेतलेली संतती. पारशी मातेच्या मुलांचा त्यात उल्लेख नाही. एका खटल्यातील ते मतप्रदर्शन धर्माज्ञेसारखे मिरविले गेले. परधर्मीयाशी विवाह केलेल्या वलसाडच्या एका कन्येला मातापित्यांच्या अंत्यविधीस उपस्थित राहता यावे म्हणून २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात हार पत्करून, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून अंतरिम मुभा मिळवावी लागली. पुढे २०१९ मध्ये हा प्रश्न शबरीमला प्रकरणासोबत मोठ्या पीठाकडे सोपविला गेला. ज्या धर्माने निवडीचे स्वातंत्र्य माणसाच्या हाती दिले, त्याच्याच पंचायतींनी मुलींना निवडीची शिक्षा द्यावी, यासारखा आत्मघात दुसरा नाही. शुद्धतेचा हा आग्रह असाच चालला, तर शुद्ध राहिलेल्या रक्ताची चाचणी करण्यासाठी रक्तच उरणार नाही.

सरकारचे काय? २०१३ मध्ये केंद्राने ‘जियो पारसी’ योजना काढली. वंध्यत्व उपचारांना साहाय्य झाले, काही बालके जन्मली, हे श्रेय द्यायलाच हवे. परंतु विवाह न करण्याबद्दल आणि मूल न होऊ देण्याबद्दल तरुणांना टोमणे मारणाऱ्या जाहिरातींनी धर्म वाचतो ही समजूत मंत्रालयातच जन्मू शकते. जाहिरात फलकांवरून बोय देता येत नाही. अवेस्ता-पहलवी जाणणारे अध्यापक, हस्तलिखितांचे जतन, कर्मकांडांचे मोबेदांच्या अनुमतीने ध्वनिमुद्रण, यांसाठी विद्यापीठांना स्थायी पदे लागतात. उदवाड्याचा किनारा समुद्र कुरतडीत आहे. ज्या गावात इराणशहा विराजमान आहे तेथील जुनी घरे कुलुपांत आहेत. बहारोटची लेणी पर्यटन नकाशावरचा एक ठिपका होऊन बसली आहेत.

मराठी रंगभूमीला तर यात वेगळीच लाज वाटायला हवी. १८८० मध्ये पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची प्रेरणा झाली असे आपणच सांगत आलो, त्या प्रेरणेतून आलेल्या ‘शाकुंतला’च्या पुण्याईवर गोमंतकाने गायक-नटांच्या पिढ्या दिल्या आणि डिचोली-पेडण्याच्या जत्रांत अजून नाटके रंगतात. ऋण मान्य करायचे आणि सावकार मरायला टेकला की तोंड फिरवायचे, ही सभ्यता नव्हे.

महाराष्ट्र शासनाने बहारोट आणि दादरची पुरोहित-शिक्षण परंपरा यांची जबाबदारी उचलावी. गुजरात आणि केंद्राने उदवाड्याचा किनारा बांधावा. गोवा शासनाने गुरांच्या औषधांची तपासणी पेडणे आणि डिचोलीपासून सुरू करावी, आणि ओर्ताचा ग्रंथ व त्याची उकरलेली हाडे ही दोन्ही पाठ्यपुस्तकात एकाच पानावर आणावीत. पारशी पंचायतींनी आपल्या लेकींच्या मुलांना अग्यारीचे दार उघडावे, न्यायालयाने भाग पाडण्याची वाट न पाहता. २०२७ ची शिरगणती होईल तेव्हा पारशांचा आकडा पन्नास हजारांखाली गेलेला दिसला, तर त्या अपयशाचे धनी केवळ पारशी नसतील. आठ आतशबहरामांपैकी चार ज्या मुंबईत आहेत, तिची राज्यभाषा मराठी आहे.