डब्यावरचा फोर-के

परवा कॅप्चर कार्ड घ्यायला दुकानात गेलो होतो. कॅप्चर कार्ड म्हणजे गेमच्या मशीनमधून टीव्हीकडे जाणारं चित्र मधल्यामध्ये पकडून कॉम्प्युटरवर साठवणारी डबी. दुकानदाराने काउंटरवर एक डबा ठेवला आणि म्हणाला, "फोर-के आहे, साहेब."

म्हटलं, माझ्या मशीनमधून फोर-के बाहेरच पडत नाही, पकडणार काय?

माझं मशीन प्लेस्टेशन २. भारतात मिळायचं ते, पाल पद्धतीचं. ५७६ ओळी, त्याही एकदम नाहीत. एकदा विषम ओळी, एकदा सम, अशा सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी. सोनीने २०१३ च्या सुरुवातीला हे बनवणं थांबवलं. आमच्या मशीनची लेन्स आता थकली आहे, डिस्क दोनदोनदा घालावी लागते. ते कायमचं बंद पडायच्या आत मला धाकट्याचं 'क्रिकेट ०७' रेकॉर्ड करून ठेवायचं आहे. ८ एमबीच्या मेमरी कार्डात त्याच्या स्पर्धा सगळ्या आहेत. पण तिथे फक्त आकडे. तो खेळतो कसा, हे कुठेच नाही.

तर त्या फोर-केबद्दल. स्वस्तातल्या बहुतेक डब्यांवर ते लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. चित्र आत घेतलं जातं फोर-के, रेकॉर्ड होतं फार तर १०८०. शिवाय डबी यूएसबी २.० ची असेल, तर हिशोब करून बघा. १०८० चं, सेकंदाला ६० चौकटींचं चित्र न दाबता न्यायचं तर सेकंदाला साधारण २०० कोटी बिट लागतात. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८ कोटी. म्हणजे डबी चित्र दाबणार, नाहीतर चौकटी गाळणार. ज्याच्याकडे नवं मशीन आहे त्याने यूएसबी ३.० चीच घ्यावी. (प्लेस्टेशन ३ वाल्यांनी तर एचडीएमआयच्या नादी लागू नये. त्यावरचं कॉपी-संरक्षण बंदच करता येत नाही, तिथे कॉम्पोनंट केबलच. प्लेस्टेशन ४ मध्ये ते सेटिंगमधून बंद होतं.)

माझी गोष्ट वेगळी. मशीनबरोबर आलेल्या पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र कोंबलेले असतात, त्यामुळे कडा फिसकटतात. कॉम्पोनंट केबलमध्ये त्यांना तीन वेगळ्या वायरी मिळतात. चित्रात खरा फरक पडतो तो इथे, हे माझं ठाम मत. मात्र ५७६ ओळींचं ते अर्ध्या चौकटींचं चित्र प्रत्येक डबी घेत नाही. म्हणून डब्याची मागची बाजू वाचायची, पुढची नाही.

दुसरी फसगत २५ चौकटींची. दोन अर्ध्या चौकटी एकत्र चिकटवल्या की पळणारा बॉल कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. अर्धं फेकून दिलं तर हालचाल लंगडते. ओबीएस या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये 'याडिफ २एक्स' म्हणून पर्याय आहे, त्याने पूर्ण ५० चौकटी हाती लागतात. हे कुठलाच दुकानदार सांगत नाही.

आणि खेळायचं टीव्हीवर बघून. कॉम्प्युटरच्या खिडकीत चित्र जरासं उशिरा येतं. तेवढ्यात धाकटा बोल्ड होईल आणि खापर माझ्या डबीवर फोडेल! म्हणून सिग्नल टीव्हीकडे आणि डबीकडे दोन्हीकडे जायला हवा.

शेवटी मी मधल्या किमतीची, कॉम्पोनंट घेणारी डबी घेतली. वाचलेले पैसे माइकवर घातले. याला दुकानदार हसला. पण धाकटा बॅटिंग करताना बॉलरला, अंपायरला आणि शेजारी बसलेल्या मला जे काही सुनावतो, त्यातलं एक अक्षरही मशीनच्या केबलमधून येत नाही. केबलमधून येते ती कॉमेंटरी, आणि ती तर सगळ्यांच्या घरी सारखीच होती.

तो गणपतीला चार दिवस येतोय. काल फोनवर त्याने एवढंच विचारलं, दुसऱ्या कंट्रोलरचं अडकणारं बटण अजून अडकतं का? अडकतं म्हटलं. मग म्हणाला, "तो तू घे."