तेल वर चढतं, पण फुकट नाही

रब्बीत डीपी जळाली की आमच्या वाशिम जिल्ह्यात अख्ख्या गावाचा जीव टांगणीला लागतो. गहू पाण्यावर आलेला असतो, विहिरीत पाणी असतं आणि मोटार मुकी. नेमक्या अशा वेळी कुणीतरी ‘विजेविना पंप’ किंवा ‘पाण्यावर चालणारं इंजिन’ घेऊन गावात येतो, मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि आगाऊ रक्कम मागतो. मी आयटीआयमधून वीजतंत्री ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झालो. अशा यंत्रांबद्दल गप्प बसणं मला पाप वाटतं.

यातला सर्वांत चतुर दावा आपोआप वर चढणाऱ्या द्रवाचा आहे. त्यात अर्धं खरं असतं, म्हणूनच शिकलेली पोरंही त्याला भुलतात. डीपीत असतं ते तेल घ्या. कोरडं, स्वच्छ तेल अडीच मिलिमीटरच्या फटीत 30 हजार व्होल्ट सहज अडवतं. त्यात ओल शिरली की ही ताकद झपाट्याने घसरते. म्हणून तर डीपीच्या ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी पडली की बदलायची असते. आता अशा तेलात धातूच्या दोन पट्ट्या एक मिलिमीटर अंतरावर उभ्या बुडवा आणि त्यांना 5 हजार व्होल्ट द्या. पट्ट्यांमधलं तेल डोळ्यांदेखत दीड सेंटिमीटरच्या आसपास वर चढतं आणि तिथेच थांबतं. ना पंप, ना पाइप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आंरी पेला यांनी हा परिणाम मोजला होता.

हे शिकवलं की वर्गातून प्रश्न यायचाच: “सर, तेल आपोआप चढते, तं पट्ट्या आखूड ठेवू. वरून सांडन, खाली चाक लावू. मंग फुकटात फिरन ना?”

प्रश्न उत्तम आहे. पण तेल सांडत नाही. जे विद्युत क्षेत्र तेलाला खालून आत ओढतं, तेच वरच्या कडेला त्याला बाहेर पडू देत नाही. सोडवून घ्यायचं तर तेवढंच बळ खर्चावं लागतं. आणि चढणं तरी फुकट कुठे? व्होल्टेज कायम ठेवलं तर तेल चढताना सप्लाय जी ऊर्जा देतो, तिचा निम्मा भाग पट्ट्यांमधल्या क्षेत्रात साठतो. उरलेल्या निम्म्याने तेल उचललं जातं. पण तेल वरखाली होऊन स्थिरावेपर्यंत त्यातलाही अर्धा उष्णता होऊन जातो. म्हणजे चार आणे उंचीत जमा. व्होल्टेज काढलं की तेल पुन्हा खाली. हे चक्र कितीही वेळा फिरवा, हिशेबात शिल्लक निघत नाही. निघते ती तूटच.

पाण्याच्या इंजिनाची गोष्टही याहून वेगळी नाही. एक लिटर पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायला साधारण साडेचार युनिट ऊर्जा लागते. तो हायड्रोजन जाळला की परत मिळते ती तेवढीच, आणि तीही कागदावर. इंजिनात तिचा तिसरा हिस्सा कामी आला तरी नशीब.

ऊर्जेचा हा हिशेब ठरवणाऱ्या उष्मागतिकीच्या नियमांना आव्हान देऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पाण्यातला एक सूक्ष्म कण लेझरने धरून ओढला. सेकंद-दोन सेकंदांपुरता तो दुसऱ्या नियमाच्या उलट वागताना त्यांना दिसला. हे त्यांनी लपवलं नाही, मोजून जगापुढे मांडलं. असं क्षणभर घडू शकतं हे सिद्धान्ताने आधीच सांगितलं होतं, आणि वेळ वाढवला की नियम पुन्हा पक्का ठरतो हेही त्यातून दिसलं. आव्हान असं, मीटर लावून द्यायचं असतं. झाकलेल्या पेटीवर हात ठेवून “आतलं सीक्रेट आहे” म्हणणाऱ्याचं ते आव्हान नव्हे.

आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(अ) याबाबत स्पष्ट आहे: प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला पेटंट मिळत नाही. म्हणून विक्रेता ‘पेटंट पेंडिंग’ म्हणाला की भुलू नका. अर्ज कुणालाही करता येतो.

माझी मागणी आयटीआय आणि विज्ञान महाविद्यालयांकडे आहे. द्रवाचा हा प्रयोग जाणकारांच्या देखरेखीखाली, सुरक्षित सप्लायवर मुलांना प्रत्यक्ष दाखवा. फळ्यावरच्या आकृतीने हा मोह जात नाही, मीटरच्या काट्याने जातो.

ग्रामपंचायती, बचत गट आणि शेतकरी बांधवांना विनंती एवढीच. असं यंत्र दारात आलं तर पैसे देण्याआधी ते उघडं करून दाखवायला सांगा. बॅटरी, वायर, टाकी सगळं बाजूला काढा आणि आपल्या मोटारीचा लोड देऊन सलग आठ दिवस शाळेच्या खोलीत, आपल्या कुलपात चालवा. विक्रेता तयार झाला तर मला जरूर बोलवा, मीटर मी आणीन. तयार झाला नाही तर एक रुपयाही देऊ नका.